दुखण्याला ‘गुप्त’ म्हणू नये

बडोद्याहून सुरतेस जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसले म्हणजे रुळांकडेच्या भिंतींवर एक शब्द पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो. तो शब्द ‘गुप्तरोग’. त्याखाली कोणा हकिमाचे किंवा वैद्यराजाचे नाव, खात्रीलायक इलाजाची हमी आणि दवाखान्याची वेळ. अशा जाहिरातींना आळा घालणारा कायदा या देशात १९५४ सालीच झाला. औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा तो कायदा. कामशक्ती वाढविण्याची ग्वाही देऊन औषधाची जाहिरात करणे त्यात स्पष्टपणे निषिद्ध ठरविले आहे. तरीही रंग उडाला की भिंत पुन्हा रंगते. याचा अर्थ उघड आहे. गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान आहे, आणि गिऱ्हाईक आपल्या घरांतूनही जाते.

मला आज त्या हकिमांविषयी फारसे म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते त्या ‘गुप्त’ या शब्दाविषयी. पुरुषाच्या विशिष्ट अवयवाला काही झाले की आपण त्या दुखण्याचे नावच ‘गुप्त’ ठेवतो. हात मोडला तर ‘हात मोडला’ म्हणतो, डोळ्याला लागले तर ‘डोळ्याला लागले’ म्हणतो. पण या एका जागी लागले तर त्याला ‘लागणे’ म्हणत नाही. ते एकदम रोग होते, आणि तोही लपविण्याचा. दुखापत आणि रोग यांतला भेद नाहीसा झाला की दुखापत झालेला माणूस स्वतःला रोगी समजू लागतो, आणि थोड्याच वेळात अपराधीही. वास्तविक त्याचा अपराध काहीच नसतो.

एका गवयाने या विषयावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. माझे वडील बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यात अगदी अखेरच्या दिवसांत, सोळाव्या-सतराव्या वर्षी, चाकरीस लागले. पुढे १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. माझा जन्म झाला तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. त्यामुळे दरबारी शिस्त मला प्रत्यक्ष पाहावयास मिळाली नाही, ती वडिलांच्या वागण्यातून मिळाली. त्या शिस्तीत गळ्याची चर्चा मोकळी असे. कफ, दमश्वास, दातांचे दुखणे, मूळव्याध, सगळे बैठकीत बोलले जाई. पण कमरेखालचा उरलेला देह जणू गवयाला नसेच. आणि त्याच बैठकीत शृंगाराने ओथंबलेल्या ठुमऱ्या रंगत, वडीलधारी माणसे दाद देत. नायिकेच्या विरहाला ‘वाहवा’ म्हणणारी मंडळी नायकाच्या देहाला काही इजा झाली तर तोंड फिरवीत, ही विसंगती मला लहानपणापासून खटकत आली आहे.

दुसरे कारण माझ्या व्यवसायाचे आहे. गायन शिकविणाऱ्याच्या हाती मुलगा नेमका त्या वयात असतो, ज्या वयात त्याचा आवाज फुटतो. आई येऊन सांगते, ‘गुरुजी, याचा आवाज बिघडला हो.’ बिघडलेला नसतो. मुलगा पुरुष होत असतो. मी ते तिला सांगतो, मुलाला काही महिने मंद्र सप्तकात ठेवतो, जोर लावू देत नाही. आवाज फुटला हे घरभर बोलले जाते, पण आवाज ज्या कारणाने फुटला त्याविषयी त्या घरात त्या मुलाशी कोणी एक अक्षर बोलत नाही. वडील बोलत नाहीत, काका बोलत नाहीत. मग तो मुलगा मोठा होतो, त्याचे लग्न होते, आणि काही संकट आले तर बोलावयाचे कोणाशी, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. कधी कधी तो माझ्यापुढे येतो.

सुरतेत मी अनेक वर्षे गाण्याचे वर्ग घेतो. तेथील एका जुन्या मराठी घरातला सत्तावीस वर्षांचा तरुण, नुकताच संसाराला लागलेला, माझ्याकडे शिकत असे. त्याच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत फेरफार करून ही हकिकत सांगतो. एके दिवशी तो वर्गात आला आणि बसेना. ‘पाठीत उसण भरली आहे गुरुजी, उभ्यानेच गातो,’ म्हणाला. पाठीत उसण भरलेला माणूस कसा उभा राहतो हे मला माहीत आहे. हा तसा उभा नव्हता. वर्ग सुटल्यावर मी त्याला थांबवून घेतले आणि एवढेच विचारले, ‘लागले आहे का कोठे?’ तो काही वेळ खाली पाहत राहिला आणि मग बोलला.

तीन रात्रींपूर्वी पत्नीच्या सहवासात असताना एकाएकी काडी मोडावी तसा आवाज झाला होता. पाठोपाठ असह्य वेदना, ताठरपणा त्याच क्षणी ओसरला, आणि तासाभरात तो भाग सुजून काळानिळा पडला. पहिल्या रात्री त्याने पत्नीला शपथ घातली, कोणाला सांगू नकोस. सकाळी औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी एका मित्राने पाटीवाल्या वैद्याकडे धाडले. तेथे तपासणे झाले नाही. ‘नस चढली आहे’ असे निदान झाले आणि चोळावयास तेल मिळाले. त्याने ते चोळले. सूज वाढली. इकडे घरात सासूबाईंना वाटले, नवराबायकोत काही बिनसले आहे, आणि त्यांनी सुनेला चार शब्द सुनावले. ती बिचारी दुहेरी कोंडीत सापडली. शपथ मोडावी तर नवऱ्याचा विश्वासघात होतो, गप्प बसावे तर दोष आपल्या माथी येतो. शिवाय तिच्या मनाने घेतले होते की हे आपल्यामुळेच झाले. तीन दिवस ती जेवली नव्हती, हे मला नंतर कळले.

त्याच संध्याकाळी आम्ही इस्पितळात गेलो. तेथील शल्यतज्ज्ञ तरुण होते. त्यांनी तपासले, सोनोग्राफी करविली आणि सरळ शब्दांत सांगितले, ‘आतले आवरण फाटले आहे. शिवावे लागेल. हे आम्ही नेहमी पाहतो. पहिल्याच रात्री यायला हवे होते.’ ‘नेहमी पाहतो’ हे दोन शब्द ऐकून त्या तरुणाच्या चेहऱ्यावर जो फरक पडला तो मी विसरणार नाही. तीन दिवस तो असे समजत होता की जगात हे फक्त त्यालाच झाले आहे.

शस्त्रक्रिया झाली. आज त्याचा संसार नीट चालला आहे. किंचित वाक राहिला, तोही त्रास देणारा नाही. पण डॉक्टरांनी हेही सांगितले की चोळण्याचा उद्योग आणखी आठवडाभर चालला असता तर इतके सुखरूप सुटणे कठीण होते.

आता या दुखापतीविषयी जे निर्विवाद ज्ञात आहे ते सांगतो, कारण ते प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसाला ठाऊक असावे. शिश्नात हाड नसते, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून ते ‘मोडते’ हे ऐकून पुष्कळांना हसू येते. परंतु त्याच्या आत रक्ताने भरणाऱ्या दोन नळ्यांसारखे भाग असतात आणि त्यांभोवती एक चिवट आवरण असते. ताठ अवस्थेत ते आवरण ताणून पातळ झालेले असते. अशा वेळी जोराचा धक्का बसला किंवा अवयव एकदम वाकला तर ते फाटते, आणि आतले रक्त बाहेर पसरून सूज व काळेनिळेपण येते. बहुतेक वेळा हे समागमाच्या वेळी घडते. झोपेत कुशीवर वळताना किंवा हाताने जोरात वाकविल्यानेही घडू शकते. पश्चिम इराणच्या कर्मानशाह भागात तर ताठ अवयव हाताने ‘मोडण्याची’ एक खुळी सवय आहे, आणि तेथील डॉक्टरांनी अशा शेकडो रुग्णांवर लिहिले आहे. म्हणजे ही गोष्ट आपल्या गल्लीतल्या एकट्यादुकट्याची नव्हे.

यावर उपाय शस्त्रक्रियेचा, आणि तो जितक्या लवकर तितका चांगला. फाटलेले आवरण टाक्यांनी शिवतात. त्यानंतर काही आठवडे संयम पाळावा लागतो. वेळेवर शिवले तर बहुतेक पुरुष पूर्ववत होतात. नुसते गोळ्यांवर आणि बर्फावर काढले तर पुढे वाक येणे, गाठ राहणे, ताठरपणा न येणे किंवा समागमात वेदना होणे, यांचा संभव बराच वाढतो. लघवीच्या जागेतून रक्त आले किंवा लघवी होईनाशी झाली तर मूत्रमार्गालाही इजा झाली असे समजावे आणि क्षणाचाही विलंब करू नये. घरच्या घरी फार तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावावा. चोळू नये, शेकू नये, ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये.

याच प्रकारात आणखी दोन संकटे येतात. एक कुमारवयीन मुलांचे. वृषणाला रक्त पुरविणारी दोरी पिळली जाते आणि मुलाला एकाएकी, पुष्कळदा झोपेतून उठविणारी, भयंकर कळ येते. सोबत मळमळ आणि उलटी. लाजेने मुलगा ‘पोटात दुखते’ म्हणतो, आणि कित्येकदा कळ खरोखरच ओटीपोटात जाणवते. आई ओवा देते, आजी हिंग लावते, आणि घड्याळ पुढे सरकत राहते. येथे घड्याळच सर्व काही ठरविते. साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडविला तर वृषण बहुधा वाचतो. दिवस उलटला तर बहुधा काढून टाकावा लागतो. दुसरे संकट म्हणजे इच्छा नसता ताठरपणा चार तासांहून अधिक टिकणे. याला कोणी पौरुष समजून मनात सुखावू नये. आत साकळलेल्या रक्ताने स्नायू कायमचे निकामी होतात, म्हणून तीही तातडीचीच बाब आहे.

जावे कोठे? अशा दुखण्यांचे तज्ज्ञ म्हणजे युरॉलॉजिस्ट. ते जवळ नसतील तर मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात कोणताही शल्यतज्ज्ञ प्रथम पाहू शकतो. सुरतेत मजुरा दरवाजाकडचे नवे सिव्हिल आहे, महानगरपालिकेचे स्मिमेर आहे. बडोद्यात सयाजी रुग्णालय आहे. खिडकीवर चिठ्ठी काढताना फक्त इतके म्हणावे, ‘खाजगी जागी मार लागला आहे, डॉक्टरांना एकट्याला सांगतो.’ एवढे वाक्य पुरे होते. मी ते त्या तरुणाला रस्त्यात पाठ करून घेतले, जशी चीज पाठ करून घ्यावी तशी.

यावर आक्षेप येतील, ते मला दिसतात. पहिला आक्षेप, हे आपल्या परंपरेत बसत नाही. ज्यांना परंपरेचा अभिमान आहे त्यांनी सुश्रुतसंहिता उघडून पाहावी. तिच्या निदानस्थानात शिश्नाच्या त्वचेला चोळण्याने किंवा दाबण्याने होणाऱ्या ‘परिवर्तिका’ व ‘अवपाटिका’ या विकारांचे वर्णन स्वच्छ शब्दांत आहे. अवयव मोठा व्हावा म्हणून विषारी लेप लावणाऱ्यांची जी दुर्दशा होते तिच्यासाठी तर ‘शूकदोष’ नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. भिंतीवरच्या जाहिरातींचे गिऱ्हाईक सुश्रुतांनाही ठाऊक होते असे म्हणावे लागते. आणि जांघ व वृषण यांमधल्या ‘विटप’ मर्माला आघात झाला तर षांढ्य येते, हे त्यांनी मर्मांच्या यादीत निःसंकोच नोंदविले आहे. लाज आपली आहे. ती पूर्वजांच्या माथी मारू नये.

दुसरा आक्षेप अश्लीलतेचा. महाराष्ट्रात या आक्षेपाला तोंड देणारा माणूस होऊन गेला. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. ते त्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. त्या मासिकात वाचक आपल्या शरीराविषयीचे प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे देत. याच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण त्या खटल्याने एक प्रश्न मराठी माणसापुढे कायमचा ठेवला. शरीराविषयी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे हे अश्लील कसे? मला वाटते, या प्रश्नाला आपल्या सुशिक्षित घरांनी अजून समाधानकारक उत्तर दिलेले नाही. ‘ध्यासपर्व’ चित्रपट आपण पाहिला, अतुल पेठ्यांनी बसविलेले ‘समाजस्वास्थ्य’ नाटक पाहिले, कर्वे थोर होते असे म्हणून टाळ्या दिल्या. पण घरी परतल्यावर आपल्या मुलाशी कोण बोलले? डॉ. विठ्ठल प्रभूंचे ‘निरामय कामजीवन’ कित्येक घरांत असते. मात्र ते कपाटात, धुतलेल्या चादरींच्या खाली असते.

तिसरा आक्षेप मर्यादेचा, आणि तो मी गंभीरपणे घेतो. मर्यादा हवीच. ज्या घरात सगळेच सगळ्यांसमोर बोलले जाते ते घर मला राहावयास आवडणार नाही. परंतु मर्यादा म्हणजे योग्य माणसापाशी, योग्य वेळी, योग्य शब्दांत बोलणे. रागाला वर्ज्य स्वर असतात, पण ते त्या रागापुरते वर्ज्य असतात. त्या स्वरांचे अस्तित्वच कोणी नाकारीत नाही. चारचौघांत जे वर्ज्य ते डॉक्टरांसमोर वर्ज्य नाही, बापलेकांत वर्ज्य नाही, पतिपत्नींत तर मुळीच नाही. आपण चारचौघांचा नियम सगळीकडे लावला, येथे घोटाळा झाला.

आणि या घोटाळ्याची झळ एकट्या पुरुषाला लागत नाही. वर सांगितलेल्या हकिकतीत सर्वांत अधिक कोण सोसत होते, हे वाचकांनीच ठरवावे. नवऱ्याला दुखापत होते आणि बोल बायकोला बसतो. पुढे मूल होण्यास विलंब झाला तर तोही तिच्याच माथी मारला जातो, आणि नवरा लाजेपोटी गप्प राहतो. पुरुषाने आपले दुखणे लपविले की त्याची किंमत घरातली स्त्री भरते.

आपली जुनी घराणी निदान डॉक्टरांची फी देऊ शकतात. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेले हजारो मराठी कामगार आहेत. कित्येकजण एका खोलीत दहाबाराजण राहतात. त्यांना ना आडोसा, ना वडीलधारे, ना रजा. भिंतीवरचा हकीम मुख्यतः त्यांच्यावर जगतो. गायकवाडी अमदानीपासून या मुलखात स्थिरावलेल्या आपण मंडळींनी त्यांना ‘बाहेरचे’ समजून गप्प राहणे शोभत नाही. जी गोष्ट आपण आपल्या घरात बोलू शकत नाही ती त्यांना सांगावयास तर कोण जाणार?

माझ्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. मुलाचा आवाज फुटू लागला की बापाने एकदा त्याला फिरावयास न्यावे आणि सांगावे, ‘तेथे कधी लागले, दुखले, सुजले तर अर्ध्या रात्री मला उठव. मी रागावणार नाही.’ एवढे एक वाक्य पुरे. बाप नसेल तर मामाने, काकाने, नाहीतर शिक्षकाने सांगावे. मुलाने पोटात दुखते म्हटले तर आईने आणखी एक प्रश्न विचारावा. लग्न ठरलेल्या मुलाला घड्याळ आणि सूट देणाऱ्यांनी त्याला एक चांगले पुस्तक द्यावे, आणि ते वाचावयाचे आहे हेही सांगावे. आपल्या मंडळांतून गणेशोत्सवात व्याख्यानमाला होतात. मधुमेहावर डॉक्टर येतात, गुडघेदुखीवर येतात. एक संध्याकाळ या विषयाला द्यावी, आणि प्रश्न नाव न घालता चिठ्ठीवर घ्यावेत. कर्वे नव्वद वर्षांपूर्वी जे टपालाने करीत होते ते आपण सभागृहात करू शकू, अशी मला आशा आहे.

आणि मुख्य म्हणजे तो शब्द टाकावा. मार लागला तर ‘मार लागला’ म्हणावे, जखम झाली तर ‘जखम झाली’ म्हणावे. ज्या दुखण्याला घरात नाव आहे त्याला डॉक्टरही वेळेवर मिळतो.